निरोप मोडला म्हणून रेकॉर्ड खोटी?

२०२५ च्या जुलैत ब्लॅक सबाथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑझबर्न गेला. त्याआधी सतरा दिवस, ५ जुलैला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर काळ्या सिंहासनावर बसून तो शेवटचं गायला होता. पार्किन्सन्समुळे उभं राहणं जमत नव्हतं. बातमी आली आणि आमच्या बेळगावात रॉक ऐकणाऱ्यांत जुना वाद नव्यानं पेटला. ही मंडळी मूठभर. टिळकवाडी, शहापूर, कॅम्प इथली, बहुतेक एकमेकांना चेहऱ्यानं ओळखणारी. एका बाजूचं म्हणणं, निरोप घ्यावा तर असा. आणि निरोपाच्या दौऱ्यात ध्वनिमुद्रित झालेला लाइव्ह अल्बम म्हणजे त्या बँडचं मृत्युपत्रच, त्याला नावं ठेवायची नाहीत. दुसरी बाजू हसली. "कसला निरोप? १९९२ पासून निरोपच घ्यायलाय की तो!" तिच्या लेखी 'फेअरवेल टूर' हा तिकीट महाग विकायचा बहाणा, आणि त्यातून निघालेला लाइव्ह अल्बम ही त्याच मालाची दुसऱ्यांदा विक्री. बरेच दिवस वाद चालला. आवाज चढले, जुनी उणीदुणी निघाली, आणि एवढ्या सगळ्यात प्रत्यक्ष रेकॉर्डवर काय वाजतंय याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

वरवर या दोन बाजू एकमेकींच्या विरुद्ध, पण पाया एकच: निरोप खरा होता का, यावरून अल्बमची किंमत ठरवायची. मला हा पायाच कच्चा वाटतो. निरोप हा बँडनं तिकीट काढणाऱ्याला दिलेला शब्द आहे. तो मोडला तर जाब जरूर विचारावा, पण तो झाला बँडच्या वागण्याचा हिशेब. रेकॉर्ड वेगळी. त्या रात्री काय वाजलं, कसं वाजलं, आणि ज्याला तिथं जाता आलं नाही त्याच्यापर्यंत ते कोणत्या रूपात पोहोचलं, एवढंच तिला विचारायचं असतं. शब्द मोडणाऱ्या बँडकडून उत्तम रेकॉर्ड निघू शकते आणि शब्दाला जागणाऱ्याकडून रटाळ. दोन्ही घडून गेलेलं आहे, त्याची उदाहरणं पुढे येतीलच.

आधी संशय घेणाऱ्यांचा मुद्दा, कारण तो खोटा नाही. मोटली क्रू या अमेरिकन बँडच्या चौघांनी २०१४ च्या जानेवारीत पत्रकारांसमोर चक्क करारावर सह्या केल्या, की या दौऱ्यानंतर पुन्हा दौरा नाही. ३१ डिसेंबर २०१५ ला लॉस एंजेलिसमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला आणि त्याचं मुद्रण 'द एंड' या नावानं बाजारात आलं. २०१९ मध्ये तोच करार स्फोटात उडवल्याचा व्हिडिओ काढून त्यांनी परतीची घोषणा केली. किस या बँडचा निरोपाचा दौरा २००० मध्ये सुरू झाला. शेवटचा म्हणावा असा कार्यक्रम झाला २ डिसेंबर २०२३ ला, आणि त्याच रात्री पडद्यावर त्यांचे संगणकानं घडवलेले अवतार उभे राहिले. म्हणजे माणसं थांबली तरी दुकान चालूच. स्कॉर्पियन्सनी २०१० मध्ये निवृत्ती जाहीर केली, २०११ मध्ये त्या दौऱ्यातला लाइव्ह अल्बम काढला आणि पुढेही गातच राहिले. आता 'हे शेवटचंच' म्हणून इकडच्या एखाद्या पोरानं कर्ज काढून, रजा टाकून, परदेशातलं तिकीट काढलं असेल तर त्याची फसवणूक झाली नाही का? झाली. त्यावर सारवासारव करण्यात अर्थ नाही. 'शेवटचं' या कारणानं जादा घेतलेले पैसे हे सरळ सरळ खोट्या सबबीवर घेतलेले पैसे आहेत.

पण ही चाल आपल्याला नवी आहे का? मराठी नाटकाच्या जाहिरातीत आज 'शेवटचा प्रयोग' छापायचा आणि काही दिवसांनी 'लोकाग्रहास्तव' पडदा पुन्हा वर करायचा, हे आपल्या आजोबांनाही पाठ होतं. त्यावरून कुणी निर्मात्याला दोन शिव्या हासडल्या असतील. पण लोकाग्रहास्तव झालेला प्रयोग केवळ त्या कारणानं पडला, असं कुणा जाणत्यानं कधी म्हटलेलं नाही. पडदा वर गेला की प्रश्न एकच उरतो: आज रंगला का? नाटकाला जो न्याय आपण न सांगता लावतो, तो गिटार आणि ड्रम्सच्या बाबतीत आपल्याला का सुचत नाही, याचं मला नवल वाटतं.

शिवाय 'खरा निरोप' म्हणजे कुणाचा खरा? द बँड या नावाच्या बँडनं २५ नोव्हेंबर १९७६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये निरोपाचा कार्यक्रम केला. आलेल्या हजारो लोकांना आधी सणाचं टर्कीचं जेवण वाढलं, मग बॉब डिलन, मडी वॉटर्स, जोनी मिचेल, नील यंग, व्हॅन मॉरिसन असे पाहुणे एकामागून एक मंचावर आले. मार्टिन स्कोर्सेसीनं ते चित्रित केलं. १९७८ मध्ये 'द लास्ट वॉल्ट्झ' नावानं चित्रपटही आला आणि तीन रेकॉर्डींचा अल्बमही. निरोपांच्या इतिहासात याचं नाव सगळ्यात आदरानं घेतलं जातं. आता आतली गोष्ट. दौरे थांबवायचे होते ते गिटारवादक रॉबी रॉबर्टसनला. ड्रमर लेव्हॉन हेल्मला ते मुळीच मान्य नव्हतं आणि पुढे आत्मचरित्रात त्यानं त्याबद्दल मनसोक्त जळफळाट केला. १९८३ मध्ये उरलेले चौघे रॉबर्टसनला वगळून पुन्हा दौऱ्यावर निघाले. मग तो निरोप खरा की खोटा? एकानं पाळला, चौघांनी मोडला. त्याच रात्री, त्याच मंचावर, त्याच गाण्यात पाच जण वाजवत होते. एकाच्या मनात शेवट होता आणि बाकीच्यांच्या मनात राग, नाही तर नाइलाज. रेकॉर्डमध्ये हे सगळंच उतरलंय. 'निरोप खरा का?' या मापानं मोजायला गेलं तर यातलं काय हाती लागेल?

ऑझीचीच गोष्ट घ्या, कारण टिंगल त्याचीच सगळ्यात जास्त झाली. १९९२ चा त्याचा दौरा 'नो मोअर टूर्स' म्हणून गाजला. त्या सुमारास डॉक्टरांनी त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं सांगितलं होतं. पुढे ते निदान चुकीचं निघालं, पण मंचावर चढताना त्याला ते ठाऊक नव्हतं. आपलं शरीर आता साथ देणार नाही असं समजून गाणारा माणूस तो. १५ नोव्हेंबर १९९२ ला कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसामध्ये दौऱ्याची अखेर झाली, तेव्हा टोनी आयोमी, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड हे ब्लॅक सबाथचे मूळचे तिघे त्याच्याबरोबर उभे राहिले. १९८५ च्या लाइव्ह एड या मदतीसाठीच्या मैफलीनंतर प्रथमच. पहिल्या अल्बममधलं पहिलं, बँडच्या नावाचंच गाणं त्यांनी वाजवलं, आणि १९९३ मध्ये निघालेल्या 'लाइव्ह अँड लाउड' या दोन सीडींच्या अल्बममध्ये ते आहे. तीन सुरांची ती सुरुवातीची धून, संथ, पाय ओढत चालल्यासारखी, आणि तिच्यावर वॉर्डचे ड्रम्स किंचित मागे रेंगाळणारे. ऑझीच्या आधीच्या गाण्यांतले वादक तरुण आणि तयारीचे, सगळं घड्याळाच्या काट्यावर. हे चौघे आले आणि लय ढिली झाली, पण वजन दुप्पट झालं. हा फरक कानाला कळतो. त्यासाठी निरोपाचं प्रमाणपत्र लागत नाही. १९९५ मध्ये तो परत दौऱ्यावर निघाला, तेव्हा 'निवृत्ती गेली उडत' अशा अर्थाचं नाव दौऱ्याला देण्याइतका निर्लज्ज विनोद त्याच्यापाशी होता. त्या परतण्यानं १९९२ च्या रात्रीचा एक तरी सूर हलला का?

उलट बाजू बघा. थिन लिझी या आयरिश बँडचा १९८३ चा निरोपाचा दौरा, निदान गायक फिल लिनॉटपुरता, शब्दाला जागला. पुनर्मीलन व्हायला लिनॉट उरलाच नाही. ४ जानेवारी १९८६ ला वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. त्या दौऱ्यातला 'लाइफ' हा लाइव्ह अल्बम १९८३ मध्येच आला. एरिक बेल, ब्रायन रॉबर्टसन, गॅरी मूर हे जुने गिटारवादक लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बोलावले होते, म्हणजे सगळा साज जुळून आलेला. भाविकांच्या मापानं हा त्यांचा सर्वश्रेष्ठ अल्बम ठरायला हवा. पण ऐका. जुनी गाणी जडावलेली आहेत, कीबोर्ड आणि नव्या गिटारीच्या भारानं त्यांची मूळची चपळाई गेलेली आहे. याच बँडचा १९७८ चा 'लाइव्ह अँड डेंजरस' त्याच्याहून कितीतरी सरस, आणि तेव्हा निरोपाचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. द हू या बँडचं उदाहरण तर आणखी बोलकं. १९८२ चा त्यांचा दौरा निरोपाचा म्हणून झाला, १९८४ मध्ये त्यातून 'हूज लास्ट' हा अल्बम निघाला. त्या वेळी निरोप खोटा मानायला काही कारण नव्हतं. दौऱ्यावर ते परतले १९८९ मध्ये. पण अल्बम आला तेव्हाच समीक्षकांनी त्याची पिसं काढली, आणि ते परतणार म्हणून नव्हे, तर वाजवण्यात जीव नव्हता म्हणून. माझंही मत तेच. कर्तव्य उरकल्यासारखी गाणी आहेत ती.

आता दुसरा आक्षेप, जो मला अधिक गंभीर वाटतो. लाइव्ह म्हणून विकलेल्या रेकॉर्डी पुष्कळदा स्टुडिओत दुरुस्त केलेल्या असतात. चुकलेला सूर पुन्हा गाऊन बसवतात, गिटारीचा तुकडा पुन्हा वाजवून चिकटवतात, दोन वेगळ्या रात्रींच्या दोन गाण्यांमध्ये टाळ्यांचा सांधा घालतात. निरोपाच्या दौऱ्यात तर याला ऊत. पन्नास रात्री मुद्रित करायच्या आणि त्यातून एक 'शेवटची रात्र' शिवायची. ती रात्र कुठल्याच गावात झालेली नसते. मी वर ज्याचं कौतुक केलं त्या 'लाइव्ह अँड डेंजरस'बद्दल त्याचा निर्माता टोनी व्हिस्कोंटी म्हणतो की पाऊण भाग स्टुडिओत पुन्हा केला. बँडच्या बाजूनं सांगतात की पाऊण भाग मैफलीतलाच, दुरुस्ती झाली ती उरलेल्या पावात. 'द लास्ट वॉल्ट्झ'मध्येही नंतरचे ठिगळ आहेत, आणि त्यातली एक-दोन गाणी तर प्रेक्षकांविना, चित्रपटाच्या स्टुडिओत वेगळी चित्रित केलेली. मग 'लाइव्ह' ही पाटी कशाला?

पाटीबद्दल माझी तक्रार आहेच. कोणत्या रात्री, कोणतं गाव, काय पुन्हा केलं, हे वेष्टनावर छापावं. पाकिटावर घटक छापायचा नियम बिस्किटाला लागतो, तर हजारांत किंमत असलेल्या रेकॉर्डला का नको? लपवणं वाईट. पण दुरुस्त करणं आणि लपवणं यांची गल्लत करून 'दुरुस्त केलं म्हणजे खोटं' असा निकाल देणारे माईक म्हणजे काय हेच विसरतात. दहा हजारांच्या सभागृहात पहिल्या रांगेतल्याला ड्रम्सनं कानठळ्या बसतात, गाण्याचे शब्द कळत नाहीत. सगळ्यात वरच्या सज्जातल्याला छतावर आपटून आलेला गोंगाट ऐकू येतो. गायकाला तिसरंच काही. यातलं 'खरं' कोणतं? रेकॉर्डवर जे येतं ते यांपैकी कुणालाच ऐकू आलेलं नसतं. प्रत्येक वाद्याला जवळून लावलेला वेगळा माईक, त्यांचा नंतर जुळवलेला मेळ, आणि प्रेक्षकांवर रोखलेले दोन-चार माईक गाणं संपलं की वर घ्यायचे, सुरू झालं की खाली. म्हणजे एकही सूर न बदलता रेकॉर्ड ही घडवलेलीच वस्तू असते. द हू यांनी १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठाच्या खाणावळीच्या हॉलमध्ये केलेल्या कार्यक्रमाचा अल्बम प्रामाणिकपणाचा मानदंड मानला जातो. लेबलवरच हातानं सूचना लिहिलेली, की कडकड आवाज येतात ते असू द्यात, दुरुस्त करू नका. छानच. पण दोन तासांहून लांब कार्यक्रमातली सहाच गाणी त्या मूळ रेकॉर्डवर आली, ती कुणीतरी निवडलीच ना?

आम्हीही काही कमी संपादन केलेलं नाही. नव्वदच्या दशकात गोव्यात शिकायला गेलेला कुणीतरी सुट्टीत दोन सीडींचा एखादा लाइव्ह अल्बम घेऊन यायचा आणि त्याची नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर नक्कल व्हायची. मावायचं नाही. मग पॉझच्या बटणावर अंगठा ठेवून बसायचं आणि टाळ्या, गाण्यांमधली बडबड, गायकाच्या शिव्या गाळत जायचं. एका बाजूचा शेवट आला की चाललेलं गाणं मध्येच तुटायचं. पुढे मूळ अल्बम हाती आला तरी कान नेमका त्या जागी थांबायचा. त्या कॅसेटी ऐकून गिटार शिकलेले लोक आजही गावात आहेत. त्यांनी जे ऐकलं ते खोटं होतं, असं त्यांना तोंडावर सांगून बघा.

इथं मला आमच्या जागेबद्दल बोलायला हवं, कारण वाद घालणारे पुण्या-मुंबईतल्या, बेंगळुरातल्या लेखांतली वाक्यं उचलून बोलत होते. त्या शहरांत 'प्रत्यक्ष ऐकलं तेच खरं' हे म्हणणं परवडतं. आयर्न मेडन १७ मार्च २००७ ला बेंगळुरात आला, मेटॅलिका ३० ऑक्टोबर २०११ ला. बेळगावहून बेंगळूरही पाचशे किलोमीटरच्या आसपास आणि मुंबईही तितकीच. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर जायचं, दिवसभर उन्हात रांगेत उभं राहायचं, लॉज नाही तर स्टेशनावरच झोपायचं आणि परत यायचं. ज्यांना घरून सोडलं ते गेले. बाकीच्यांचं काय? निपाणी, खानापूर, चिकोडी, संकेश्वरच्या पोरांचं काय? सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे; दौऱ्यांच्या नकाशावर मात्र निकाल केव्हाच लागला आहे. मुंबईचा आयोजक आम्हाला कर्नाटकात धरतो, बेंगळूरचा आयोजक आम्हाला महाराष्ट्राला चिकटलेलं टोक समजतो, आणि गाडी कुणाचीच इकडे वळत नाही. अशा ठिकाणी लाइव्ह अल्बम ही मैफलीची आठवण नसते. मैफल म्हणून मिळणारी तीच एक गोष्ट असते. तिच्यात एखादा सूर नंतर बसवला म्हणून ती आमच्याकडून काढून घेणारा माणूस कोण, तर जो स्वतः तिथं जाऊन ऐकू शकतो तो.

आणि हे दूरवरून ऐकणं काही हलकं नाही, याचा दाखला शोधायला इंग्लंड-अमेरिकेत जायची गरज नाही. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहायचे. त्यांच्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांना एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. मैफलीत तासभर उलगडणारा राग त्या तव्यावर चिमटीत धरावा लागायचा. शुद्धतेच्या कट्टर मापानं ती लबाडीच. पण गदगच्या एका दुकानात त्यांच्या ठुमरीची तशीच एक तबकडी वाजत होती, ती कानी पडलेला भीमसेन जोशी नावाचा पोरगा झपाटला आणि १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घरातून पळाला. त्याच्यापर्यंत मैफल पोहोचली नव्हती, तबकडी पोहोचली होती. 'अरे, हे संपादित आहे, अस्सल नव्हे' असं सांगून त्या वेळी कुणी त्याला माघारी धाडलं असतं तर?

तिसरा आक्षेप म्हाताऱ्या आवाजांचा. निरोपाच्या दौऱ्यातले गायक साठी-सत्तरीचे; वरचे सूर जात नाहीत, गाणी उतरवून वाजवतात, श्वास मध्येच तुटतो. तरुणपणीची मूळ रेकॉर्ड घरात असताना हे कशाला ऐकायचं? रॉक हे जवानीचं आणि आवाजाच्या ताकदीचं संगीत आहे, त्यामुळे हा आक्षेप ख्यालापेक्षा इथं जास्त लागू पडतो, हे मान्य. काही अल्बम ऐकवत नाहीत, हेही मान्य. पण उणेपणातून नवं गाणं निघतं, हे निदान बेळगावकराला शिकवायची पाळी येऊ नये. कुमार गंधर्वांचा जन्म इथल्याच सुळेभावीचा, १९२४ चा. क्षयानं एक फुप्फुस निकामी केलं, काही वर्षं गाणंच बंद होतं. परत आले ते छोट्या, तुटक, अचानक झेपावणाऱ्या स्वरवाक्यांचं असं गाणं घेऊन, जे आधी कुणी ऐकलं नव्हतं. आणि ब्लॅक सबाथचा तर जन्मच उणेपणातला. पत्र्याच्या कारखान्यात आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. दुखू नये म्हणून त्यानं तारा सैल केल्या, सूर खाली आला, आणि त्या खाली आलेल्या सुरातून हेवी मेटलचा गडद आवाज घडला. ४ फेब्रुवारी २०१७ ला बर्मिंगहॅममध्ये झालेल्या त्यांच्या निरोपाच्या दौऱ्यातल्या शेवटच्या कार्यक्रमाचा 'द एंड' हा अल्बम ऐकताना मला खुपतं ते ऑझीचं वय नव्हे. खुपतं ते ड्रम्सवर बिल वॉर्ड नाही हे. त्याच्या जागी आलेला वादक अचूक आहे, मेहनती आहे, आणि १९९२ च्या त्या एका गाण्यातलं रेंगाळणं त्याच्याकडे नाही. बघा, निरोप आणि घरवापसी बाजूला ठेवली की बोलायला किती असतं.

क्रीम या तिघांच्या बँडचं ऐकण्यासारखं आहे. १९६८ च्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये मुद्रित झालेली तीन गाणी त्यांच्या 'गुडबाय' या १९६९ च्या अल्बममध्ये आहेत. २६ नोव्हेंबरला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी निरोप घेतला. तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं आणि ते वाजवण्यात दिसतं. जिंकायलाच बसल्यासारखे तिघे एकमेकांवर चढतात. २००५ च्या मे महिन्यात ते त्याच हॉलमध्ये परत आले, तेही मुद्रित झालं. या खेपेला एकमेकांसाठी जागा सोडतात, थांबतात, ऐकतात. मला जुनं जास्त आवडतं; माझ्याहून जाणत्या मित्राला नवं. निरोप मोडला नसता तर हा वादही आमच्या वाट्याला आला नसता.

सगळ्यात बळकट आक्षेप कुणी घेतलाच नाही, म्हणून मीच मांडतो. या निरोपांनी नव्यांची जागा खाल्ली आहे. पैसा, बातमी, कान, सगळं सत्तरीतल्या नावांकडे जातं. आमच्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या महोत्सवात पोरं वाजवतात ती त्याच निरोपवाल्यांची गाणी. स्वतःचं गाणं लावलं की समोरची गर्दी चहाला जाते. आधीच वाजवायला जागा नाही. गणपतीत भिंती हादरवणारा डीजे चालतो, पण चार पोरांना एरवी रात्री दहाच्या आत दोन तास वाजवायचे तर परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. मराठीत गायलं तर एक विचारतो, कन्नडमध्ये का नाही. कन्नडमध्ये गायलं तर दुसरा नाक मुरडतो. इंग्रजीत गायलं तर दोघे मिळून विचारतात, हे कुणासाठी? या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. जुन्यांचे निरोप ऐकायचे बंद केले तर नव्यांना ऐकणारे मिळतील, असंही मला वाटत नाही. मेटॅलिकासाठी बेंगळूरला गेलेला पोरगाच गावातल्या बँडच्या तालमीला येऊन बसतो. जो कुठंच जात नाही तो इथंही येत नाही.

मात्र एक गोष्ट उद्यापासून करता येईल आणि तिला आयोजक लागत नाही. गावातले बँड वर्षा-दोन वर्षांत मोडतात. कुणाला पुण्यात नोकरी लागते, कुणी बेंगळूरला जातो, कुणाचं लग्न होतं. त्यांचा शेवटचा कार्यक्रम शेवटचा आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं, आणि मागे उरतो तो मोबाइलवरचा फाटक्या आवाजाचा व्हिडिओ. तेव्हा प्रत्येक कार्यक्रम शेवटचाच समजून मुद्रित करा. मिक्सरमधून सरळ घेतलं तर गायक कानात ओरडल्यासारखा येतो आणि गिटार गायब होते, कारण लहान हॉलमध्ये गिटारचा अँप्लिफायर मुळात मिक्सरमधून जातच नाही. म्हणून मिक्सरची जोडणी एका ट्रॅकवर, आणि हॉलच्या मध्यावर, माणसांच्या डोक्याच्या वर, स्टँडला लावलेला एक साधा माईक दुसऱ्या ट्रॅकवर. घरी आल्यावर दोन्ही जुळवा. चुकलेला सूर पुन्हा गाऊन बसवायचा असेल तर खुशाल बसवा, फक्त खाली तसं लिहा.